नोंद नाही

जुना डिझेल ट्रक लावारला विकला तेव्हा
काट्यावर तीन लाख बारा हजार मैल होते
आणि सीटखाली माझे दोन स्क्रूड्रायव्हर,
जे मी परत मागितले नाहीत.
तो सुरू झाला की अर्ध्या रूपर्टमधली कुत्री उठायची.
दुखलं तर सांगायचा: आधी खोकून, मग धूर काढून,
आणि मगच, शक्यतो गावाजवळ, बंद पडायचा.

नवा बोलत नाही.
अर्धा विजेवर, अर्धा पेट्रोलवर,
कधी कोणता अर्धा राबतोय त्याचं त्यालाच ठाऊक.
बॉनेटखाली काळं प्लास्टिक आणि नारिंगी वायरी,
हात लावू नका म्हणून त्यांच्यावर विजेचं चित्र.
विकणारा पोरगा म्हणाला, अकरा हजार पौंड ओढतो, आरामात.
त्यानं आयुष्यात काही ओढलं असावं असं
त्याच्या हातांवरून वाटलं नाही.
लावार म्हणाला, नेड्रा, पहिल्या वर्षीची गाडी घेणारा
गिऱ्हाईक नसतो, प्रयोगाचा उंदीर असतो.
भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, मान्य,
पण म्हैस निदान आधी हंबरते.

फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बदाम फुलतो,
तो कुणासाठी थांबत नाही.
ट्रेलरवर छप्पन्न पेट्या, वर जाळी, आडवे पट्टे,
दहा लाखांवर माश्या, आणि माझं वर्षभराचं कर्ज.

एल्कोत सिग्नल लागला आणि इंजिन मेलं.
मेलं नव्हतं. ते तसंच करतं, थांबलं की गप्प बसतं.
पण हात किल्लीकडे गेला, काळजात धस्स झालं,
आणि त्या शांततेत पहिल्यांदाच
मागून पेट्यांची गुणगुण ऐकू आली.
सव्वीस वर्षं माश्या ओढतेय,
डिझेलनं कधी ऐकू दिली नव्हती.

एमिग्रंट पासच्या चढावर पिवळा दिवा.
हायब्रिड प्रणाली तपासा.
कशी तपासू? नाडी बघू?
साठाचे पस्तीस झाले, मग कडेची खडी.
मोठे ट्रक जाताना सगळी गाडी हलवून जात होते.
मदतीच्या नंबरवर आधी बासरी वाजली,
मग एक बाई म्हणाली, जवळचं वर्कशॉप रीनोला,
दोनशे साठ मैल. तुमचा दिवस छान जावो.

बाहेर वारा असा, की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जाई.
मी ट्रेलरवर चढले,
कोपऱ्यातल्या पेटीला कान लावला.
आत त्या एकमेकींना धरून गोळा होऊन बसलेल्या,
बाहेरच्या आत सरकणाऱ्या, आतल्या बाहेर,
कधी कोणती राबते त्यांचं त्यांनाच ठाऊक.
किती वेळ तशी उभी होते, सांगता येत नाही.

बंद करून पुन्हा सुरू केला.
दिवा गेला.
हे जास्त वाईट होतं.

उतारावर पडद्यावरचा आकडा चढत गेला,
एकतीस, अठ्ठेचाळीस, सत्तर.
मागचं ओझं ढकलत होतं
आणि त्या ढकलण्यावर हा पोट भरत होता.
माझ्या तोंडून "शाब्बास" निघालं,
मग स्वतःचाच राग आला.
डॉनर पासला रात्री दोन्ही हात चाकावर,
रेडिओ बंद, कॉफी न प्यालेली.

रीनोत थांबले नव्हते. परतताना थांबले.
पोरानं तार जोडली, स्क्रीन बघितली, म्हणाला,
काहीच झालेलं नाही. नोंद नाही.
पिवळा दिवा? नोंद नाही.
पस्तीसचा वेग, खडी, वारा, बासरी?
मॅडम, गाडीला काही आठवत नाही.

तिला नसेल.

बागेत त्या रात्री ऑस्कर बेटनकोर्टनं
टॉर्च लावून पेट्या मोजल्या, छप्पन्न,
आणि विचारलं, नवी गाडी कशी आहे?
मी म्हणाले, आली.
त्यानं पुढे काही विचारलं नाही.
मागे इंजिन चालू होतं की बंद,
मला खरंच सांगता आलं नसतं.